खाचेपर्यंत भुसा

मित्रांनो, ज्या वर्षी आक्कांच्या मोठ्या मुलीला जुळं झालं आणि घरात पाळणे दोन, झोका देणारं माणूस मात्र एकच अशी गत झाली, त्या वर्षी माझा जन्म झाला. मी एक जुना लाकडी खोका आहे. आता जिन्याखाली पडून असतो. माझ्यात तुटक्या चपला आहेत, एक फुटकी कुंडी आहे आणि कुणाची तरी विसरलेली छत्री आहे. माझी एक बाजू निखळली आहे. पण माझ्या आतल्या भिंतीवर दोन खाचा आहेत, त्या अजून शाबूत आहेत. त्या खाचांचीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

आक्कांचा बाहुल्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, चार शिलाई मशिनं आणि हसत-भांडत काम करणाऱ्या बायका. त्यांच्या बाहुल्या कापडाच्या असत आणि त्या उभ्या राहत. दुसऱ्या कुणाच्या कापडी बाहुल्या उभ्या राहत नसत, भिंतीला टेकवाव्या लागत. आक्कांची युक्ती साधी होती. डोक्यात कापूस, पोटात लाकडाचा भुसा आणि पायात वाळू. मुठीएवढा कापूस घ्या आणि मुठीएवढी वाळू घ्या. जागा दोघांनाही सारखीच लागते, पण कापूस फुंकरीने उडतो आणि वाळू हाताला खाली ओढते. कापसात धागे थोडे, हवा फार. वाळूचे कण एकमेकांना खेटून बसलेले, आणि कणही दगडाचेच. जड पाय खाली, हलकं डोकं वर, म्हणून बाहुली उभी. "डोकं हलकंच असावं बाई," आक्का म्हणत, "जड डोक्याची बाहुलीही पडते आणि माणूसही."

हा सगळा माल तिसऱ्या मजल्यावर न्यायचा कसा, हा प्रश्न होता. जिना इतका अरुंद की पोतं पाठीवर घेतलं तर दोन्ही बाजूंना घासायचं. आणि पोतं वर नेणारे होते मामा, आक्कांचे धाकटे भाऊ. सगळ्या बायका त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. ते आधी छापखान्यात कागदाचे गठ्ठे उचलत. तिथे एकदा छातीत कळ आली, काम सुटलं, घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून बहिणीकडे आले. डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि सांगितलं, "पाण्याची एक बादली उचललीत तर चालेल. त्यावर चिमूटभरही नको."

आक्कांनी हे वाक्य मनात धरलं. त्यांनी सुताराला बोलावलं आणि म्हणाल्या, "मला असा खोका कर, की तो भरून वर ओढला तर एका बादलीएवढाच भार लागला पाहिजे."

"काय भरणार त्यात?"

"कधी कापूस, कधी भुसा, कधी वाळू."

सुतार हसला. "आक्का, मग खोका एक कसा पुरेल? कापसाला कपाट लागेल आणि वाळूला वाटी."

पण तो हुशार होता. त्याने हलक्या, पातळ फळ्यांचा मी केला. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीवर लोखंडी कप्पी बसवली, पण त्याआधी तीच कप्पी खाली अंगणात एका आडव्या वाशाला टांगली. तिच्यावरून दोर सोडला. एका टोकाला पाण्याने भरलेली बादली, दुसऱ्या टोकाला मी. मी रिकामा होतो, म्हणून बादली जमिनीवर बसलेली आणि मी हवेत. आक्का माझ्यात भुसा टाकू लागल्या. टाकता टाकता मी हळूहळू खाली उतरू लागलो, बादली जमीन सोडून वर आली आणि आम्ही दोघं समोरासमोर लोंबकळत राहिलो. "थांबा," सुतार म्हणाला. भुसा निम्म्याच्या जरा खाली होता. तिथे त्याने पटाशीने खाच पाडली.

मग वाळू. दोन बोटांएवढा थर झाला नाही तोच बादली वर आली.

"अहो, तळ तरी नीट झाकू द्या!" मामा कुरकुरले.

"तळ झाकला की तुमचं काम झालं," सुतार म्हणाला आणि त्याने दुसरी खाच पाडली, अगदी तळाशी. कापूस मात्र दाबून दाबून काठापर्यंत भरला तरी बादली जागची हलली नाही. "कापूस हवा तेवढा भरा. त्याला खाच नको."

अशा रीतीने मित्रांनो, भुसा आणि वाळू या दोन वेगळ्या वस्तूंचं वजन माझ्यात सारखं झालं, कारण त्यांना मी वेगवेगळी जागा दिली. मला त्याचा फार अभिमान वाटे.

पुढची वर्षं सुखाची होती. खाली आक्का माल भरत, वर मामा दोर ओढत. मामा खिडकीतून ओरडत, "आज काय? डोकं, पोट की पाय?" आणि आक्का खालून ओरडत, "पाय!" रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूस दचकून वर बघे. मशिनवरच्या बायका म्हणत, "मामा, आमच्यासाठीही एखादं नवीन डोकं ओढा, जुनं चालेना झालंय." मामा म्हणत, "तुमच्या मापाचा कापूसच मिळत नाही." येणारे-जाणारे मला हात लावून बघत, खाचा बघत, आक्कांचं कौतुक करत. मामांचा चेहरा भरला. कारखान्यात ते पाहुणे राहिले नव्हते. माल त्यांच्याशिवाय वर येत नव्हता.

आक्कांचं मन मात्र धास्तावलेलंच असे. त्या म्हणत, "ज्या दिवशी जड वाटेल, त्या दिवशी मला सांग. मी दुसरा माणूस ठेवीन. तू आपला बसून खा."

त्या मायेनेच म्हणत. पण 'बसून खा' हे शब्द ऐकले की मामांची दोरावरची मूठ घट्ट व्हायची. ते मला कळायचं, कारण दोराचं दुसरं टोक माझ्याकडे होतं. एकदा मला आत घेताना ते पुटपुटले होते, "बसून खाणाऱ्याला घास गिळवतो का कधी?" हे आक्कांनी ऐकलं नाही. ते मी ऐकलं, आणि माझ्या ऐकण्याचा कुणाला काय उपयोग?

एका आठवड्यात भुसा अगदी संपला. पोट नसलेल्या बाहुल्यांची रांग लागली. वखारवाला घाईने गाडी घेऊन आला. गाडीतून पाणी ठिबकत होतं.

"आक्का, वखारीतला नळ फुटला. माल जरा ओलसर आहे, राग मानू नका."

आक्कांनी मूठभर भुसा घेऊन दाबला. बोटांतून पाणी आलं. "ओलसर? तुम्ही तर न्हाऊ घातलंय याला!"

"गच्चीत पसरा. दोन उन्हं लागली की खडखडीत."

"बरं, ओता आता. पण खाचेपर्यंतच हं! त्याच्यावर कण नको. वर माझा भाऊ आहे."

वखारवाल्याने पोतं माझ्यावर उपडं केलं. भुसा खाचेच्या किंचित वर गेला. आक्कांनी तळव्याने तो सपाट केला आणि वर गेलेला भुसा ओंजळीने काढून टाकला. इतकी काळजी त्यांनी घेतली.

मित्रांनो, कोरड्या भुशाच्या कणाकणात आणि दोन कणांच्या मधे हवा बसलेली असते. पाणी आलं की हवा उठून जाते आणि तिच्या जागी पाणी बसतं. बाहेरून बघाल तर भुसा तेवढाच, खाच तीच. पण माझ्या फळ्या करकरू लागल्या होत्या. आज माझ्यात एक बादली नव्हती, जवळजवळ तीन होत्या. आक्कांना ओल दिसली, वखारवाल्याला दिसली. पण खाच पाळली की भार बरोबर, हे त्या घरात इतकं पक्कं झालं होतं की ओल म्हणजे फक्त वाळवण्याचं काम वाढलं, एवढंच सगळ्यांना वाटलं. मी ओरडलो असतो, पण खोक्याला तोंड असतं ते फक्त भरण्यासाठी.

"आज काय?" वरून मामांचा आवाज आला.

"पोट!"

दोर ताणला गेला. मी जागचा हललो नाही. जरा वेळ काहीच झालं नाही.

"का रे? अडकलं का कुठे?" आक्कांनी वर बघून विचारलं.

"नाही, नाही. दोराला पीळ पडला होता."

"जड नाही ना?"

"पोट कधी जड असतं का?" मामा म्हणाले. मग खिडकीतून खाली वाकून, "खाचेपर्यंतच आहे ना, आक्का?"

"खाचेपर्यंतच. मी माझ्या हाताने सपाट केलंय."

मामांनी दोर पुन्हा ओढला. मी वर जाऊ लागलो. एक हिसका, मग थांबणं. पुन्हा हिसका.  मी हलका होण्याचा प्रयत्न केला. हसू नका. दुसरं काय करणार होतो? माझ्या फटींतून जेवढं पाणी गळत होतं तेवढं गळत होतं, ते फार थोडं होतं.

मामांनी मला खिडकीत घेतलं, माझ्या काठावर दोन्ही हात टेकले आणि हळू आवाजात म्हणाले, "खाच तीच. दोर तोच. म्हणजे माझीच ताकद उतरली."

नाही हो मामा! तुमचे हात तेच आहेत, पाणी माझ्यात आहे. हे एवढं एक वाक्य मला सांगता आलं असतं, तर माझ्या सगळ्या फळ्या सरपणाला गेल्या असत्या तरी मला चाललं असतं.

त्यांनी मला पिंपात रिकामं केलं. हात ओले झाले, ते त्यांनी सदऱ्याला पुसले. मशिनवरची एक बाई डोकावून म्हणाली, "अगंबाई, बाहुलीच्या पोटात पाणी झालंय की!" सगळ्या हसल्या. मामाही हसले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण ऊन होतं, आणि घाम सगळ्यांनाच आला होता.

मी पुन्हा खाली गेलो, पुन्हा खाचेपर्यंत भरलो, पुन्हा वर आलो. आक्कांनी आणखी एकदा विचारलं, "दमलास का रे?" मामा म्हणाले, "दमायला काय मी डोंगर उचलतोय?" खाली वखारवाल्याची गाडी रिकामी होत गेली. शेवटच्या खेपेला मामांनी मला खिडकीत घेतलं, दोर खुंटीला नीट गुंडाळला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसले. पाठ भिंतीला, हात माझ्या काठावर. आतून कुणीतरी हाक मारली, "मामा, चहा!" त्यांनी ओ दिली नाही.

पुढे काही दिवसांनी आक्कांनी सुताराला बोलावलं. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. खाच चुकली होती का? सुताराने कप्पी पुन्हा अंगणात टांगली. एका बाजूला भरलेली बादली, दुसऱ्या बाजूला मी. आक्कांनी गच्चीतून भुसा आणला, वखारवाल्याने त्या दिवशी दिलेला. पण तो आता वाळला होता, खडखडीत. त्यांनी तो खाचेपर्यंत भरला. बादली आणि मी समोरासमोर येऊन स्थिर झालो, पहिल्या दिवसासारखे.

"खाच बरोबर आहे, आक्का," सुतार हळूच म्हणाला. "एका बादलीवर रतीभरही नाही."

आक्कांनी माझ्यातल्या भुशावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला बादलीसुद्धा जड झाली होती. आणि मी विचारलं तर हसला. मीच त्याला बसवायला हवं होतं."

मामांना वाटलं आपली ताकद संपली. आक्कांना वाटलं आपलं लक्ष नव्हतं. दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. खरं काय ते माझ्यात होतं आणि तेही गच्चीतल्या उन्हात उडून गेलं होतं. त्या अंगणात मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेला होतो आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता.

नंतर एक तरणा गडी दोर ओढायला आला. तो खाच बघतही नसे. मग इमारतीला विजेची लिफ्ट आली, कप्पी काढली, आणि मी जिन्याखाली आलो.

मित्रांनो, मला तुमच्याकडून मोठं काही नको. माझ्यासारखा एखादा डबा, खोका, पिशवी तुम्ही कुणाच्या हातात द्याल, तेव्हा ती कुठवर भरली आहे एवढंच बघू नका. आधी स्वतः उचलून बघा. खाच जागा मोजते, भार मोजत नाही. कोरडा होता तो ओला झाला का, मोकळा होता तो दाबला गेला का, हे खाचेला कळत नाही, ते हाताला कळतं. आणि उचलणारा "जड नाही" म्हणाला, तरी एकदा त्याच्या हातातून घेऊन बघा. आक्का खाली उभ्या होत्या आणि मी जमिनीवर होतो. त्यांनी मला फक्त एकदा कडेने उचलून पाहिलं असतं तर पुरलं असतं.

मामा त्या ओल्या भुशाच्या दिवशीच गेले, खिडकीपाशी, चहा व्हायच्या वेळेला. आक्का त्यानंतर सहा वर्षांनी हिवाळ्यात गेल्या. सुतार त्यांच्या आधीच गेला होता. भुसा ओला होता म्हणून भार वाढला, हे त्या तिघांपैकी कुणालाही कळलं नाही.