परत फिरलेल्यांची मोजणी

मी बोलतोय, मुठीत मावणारा टिकटिक्या. माझा खटका दाबला की पोटातला आकडा एकाने वाढतो. काम एवढंच. पण या आकड्यावर शहरातल्या बस धावतात किंवा बंद पडतात.

माझी पहिली नोकरी वाहतूक खात्यातल्या कारकुनाकडे. तो चौकात बसून वाहनं मोजायचा. साठ माणसांची बस गेली, टिक. मोटारीतून एकटा माणूस गेला, तरी टिकच! त्या हिशेबाने रस्ते रुंद झाले आणि पदपथ गायब. मला तेव्हाही लाज वाटायची.

मग मी वाहतुकीचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंच्या हाती आलो. लोक त्यांना मोजणीबाई म्हणत. काय दिवस होते ते! त्यांच्या अंगठ्याने माझा खटका गुळगुळीत झाला.

तेव्हा इस्पितळाकडे जाणारी बस बंद होणार होती. खातं म्हणे, चढणारेच नाहीत. बाई चार दिवस थांब्यावर ठाण मांडून बसल्या. पहिल्याच सकाळी एक म्हातारे शिंपीकाका सुनेच्या आधाराने आले. पायाच्या जखमेची पट्टी बदलायची होती. बसची पायरी गुडघ्याएवढी उंच. दोनदा पाय उचलला, जमेना.

"मामंजी, धरते ना मी!"

"तू धरशील गं, पण पायाने ऐकायला हवं ना! चल, पट्टी उद्या बदलू."

"कालही हेच म्हणालात."

कंडक्टरने घंटी मारली, बस गेली. बाईंनी मला दाबलं. टिक.

मी चपापलो. न चढलेला माणूस आजवर कोणी मोजलाच नव्हता.

चार दिवसांत असे एकेचाळीस जण परत फिरले. बाईंनी तो आकडा खात्याच्या साहेबांपुढे ठेवला. साहेब हसले, "अहो बाई, चढलेच नाहीत ते प्रवासी कसले?"

"साहेब, आजारी माणसांसाठीच ना ही बस? पायरी तुमच्या धडधाकट गुडघ्याच्या मापाने बांधायची आणि वर प्रवासी नाहीत म्हणून बोंब मारायची?"

बस वाचली. बुटक्या पायरीच्या गाड्या आल्या. शिंपीकाका पहिल्या दिवशी बाईंना म्हणाले, "उतरताना कुणी धरू नका हं. रुबाबात उतरायचंय मला."

पुढे खांबांवर कॅमेरे लागले आणि मी बाईंच्या पिशवीच्या तळाशी गेलो. एकेचाळीसचा आकडा त्यांनी कधी पुसला नाही.

आता बाईंच्या हातात काठी आहे. गेल्या महिन्यात बुटक्या पायरीच्या गाड्या विमानतळाच्या मार्गावर पळवल्या आणि इथे पुन्हा ती जुनी धुडं आली. परवा बाई इस्पितळात जायला थांब्यावर आल्या. पाय उचलला. पुन्हा खाली ठेवला.

"आजी, येताय की जाऊ?" कंडक्टर म्हणाला.

"जा बाबा."

घराकडे वळताना पिशवीत त्यांचा हात मला शोधत आला. टिक. बेचाळीस.

खांबावरचा कॅमेरा चढलेलेच मोजतो. अभ्यास करणाऱ्यांनो, कोणीतरी थांब्यावर येऊन बसा. माझा खटका शाबूत आहे. बेचाळीसच्या पुढे मोजा.