बारा पावलं लांबचं दूध

जोतीराम सेक्रेटरीला आयुष्यात दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक, दुधातलं पाणी आपल्या नाकाला लांबनं कळतं. आणि दोन, रशीद मुल्लाणीच्या दुधात काहीतरी काळंबेरं आहे.

गारगोटीच्या अलीकडं रस्त्याला लागून गाव, गावात साठेक सभासदांची दूध डेअरी, आणि डेअरीत बारा वर्षं खुर्चीला चिकटून बसलेला हा जोतीराम. माणूस तसा वाईट नव्हे हो. कुणाच्या लग्नात वाढपी कमी पडले तर बाह्या सारून उभा राहणारा. पण एकदा का मनात पाल चुकचुकली, की ती पाल तो खाऊपिऊ घालून पोसायचा.

रशीद गावचाच. पंधरा वर्षं इचलकरंजीला मागावर रात्रपाळ्या करून कंटाळला, आणि पाच वर्षांपूर्वी बायको ताजबीला घेऊन गावात परतला. दोन मुऱ्हा म्हशी घेतल्या. आणि पहिल्या महिन्यापासनं त्याच्या दुधाचं फॅट, म्हणजे ज्याच्यावर दुधाचा भाव ठरतो ती स्निग्धता, सात पॉइंट चार, सात पॉइंट पाच. बाकी सगळ्या गावाचं सहा पॉइंट दोनच्या आसपास, आणि ह्याचं सात पॉइंट चार! आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय येईल?

"तेल घालतंय बेणं," जोतीराम म्हणायचा. "न्हायतर डालडा. मागावर काम केलेलं माणूस हाय, कुठला धागा कुठं घालायचा ते त्याला शिकवाय नको."

रशीद किटली ठेवताना हसला, की जोतीरामला वाटायचं, हसतोय का? नाही हसला, की वाटायचं, आज तोंड का पाडलंय? एकदा वैरणीचा भाव विचारायचं निमित्त करून तो रशीदच्या गोठ्यातही जाऊन आला. सरकी भिजत पडलेली, म्हशी धुतलेल्या, कुठंही तेलाचा डबा नाही. ताजबीनं चहा दिला. चहा इतका झकास होता की जोतीरामचा संशय आणखी घट्ट झाला. एवढं चांगलं कशाला वागायचं माणसानं?

आता मशीनचं सांगायला पाहिजे. फॅटच्या मशीनला एका नमुन्याला मिनिटभर लागतं. सकाळी दारात साठ किटल्या. कुणाला रानात जायचंय, कुणाच्या पोराची एसटी चुकतेय, सगळी बोंबलणार, "सेक्रेटरी, आटपा की!" म्हणून जोतीरामनं आपली एक पद्धत बसवली होती. ओळखीच्या माणसाचं दूध बघायचं, हुंगायचं, आणि आकडा टाकायचा. सहा पॉइंट एक. सहा पॉइंट तीन. जरा दबूनच टाकायचा, म्हणजे वर तालुक्याला टँकर तपासला की कमी पडायची भीती नाही. तिकडनं खऱ्या फॅटचे जादा पैसे येऊन जे उरायचं ते दिवाळीला बोनस म्हणून सगळ्यांत वाटलं जायचं, आणि बोनस घेताना लोक त्यालाच हात जोडायचे. बारा वर्षांत भांडण नाही, तक्रार नाही. ह्याला लबाडी म्हणतात हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. विश्वासाचा कारभार, असं तो म्हणायचा.

रशीदचं दूध मात्र मशीनला लागायचं. रोज, सकाळ-संध्याकाळ. एकदा लावून आकडा पटला नाही की परत. रशीद गुमान उभा राहायचा, मागची रांग चुळबुळायची, आणि सगळे त्याच्याकडं बघायचे.

जोतीरामची मुलगी तेजस्वी गारगोटीच्या कॉलेजात बीएस्सीला होती. ह्या वर्षी तिला संख्याशास्त्र लागलं होतं. एका संध्याकाळी तो तिच्यासमोर बसला. "तेजू, तुझं ते नवीन गणित लाव बगू रशीदला. चोर असला तर निघंल का त्यात?"

तिनं डेअरीच्या कॉम्प्युटरमधले महिन्याचे आकडे मोबाइलवर घेतले. "आधी पर्सेंटाइल बघूया, आण्णा."

"ते ठावं हाय मला. कोल्हापुरात क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागत्यात की. नव्व्याण्णव पर्सेंटाइल म्हंजे शंभरातलं नव्व्याण्णव मार्क."

"मार्क न्हवंत ते! शंभर पोरं मार्कांनी वळीनं उभी केली, तर नव्व्याण्णव त्याच्या खाली, एवढंच. मार्क कितीबी असू देत. तसं बघितलं तर रशीदकाका आपल्या वळीत सगळ्यात वर. पण वर कोण ना कोण असणारच की, त्यात गुन्हा काय? आन किती वर, ते पर्सेंटाइल सांगतच न्हाय."

"मग कोण सांगतंय?"

"झेड-स्कोअर." तिला आता चेव आला होता. कुणी तरी पहिल्यांदाच तिचा अभ्यास असा कान देऊन ऐकत होतं. "काकांना सोडून बाकी सगळ्यांची सरासरी काढली, सहा पॉइंट दोन. तिच्यापासनं कोण जरा पुढं, कोण जरा मागं. माणसं साधारण किती लांब उभी हायत, ते अंतर काढायचं. त्याला म्हणायचं एक पाऊल. पुस्तकात त्याला मोठं नाव हाय, पण हाय ते पाऊलच. मग रशीदकाका सरासरीपासनं किती पावलं लांब हायत, ते मोजायचं. दोन पावलांपर्यंत कोण मनावर घेत न्हाय. तिनाच्या पल्याड गेला, की आउटलायर. म्हंजे कळपाबाहेरचा."

"आन रशीद?"

तेजस्वीनं बोटं चालवली. थांबली. परत चालवली. "एक पाऊल आलंय पॉइंट एकचं. काका एक पॉइंट दोननं पुढं. म्हंजे बारा पावलं."

जोतीरामनं मांडीवर थाप मारली. "तिनाला आउटलायर, आन ह्यो बारा! घावला!"

"आण्णा, आउटलायर म्हंजे चोर न्हवं. तिथं जाऊन जरा बगा, एवढंच सांगतोय त्यो आकडा."

पण ऐकतो कोण? चपला पायात सरकवून गडी चेअरमनच्या घराकडं निघाला होता.

चेअरमन गणपतराव सावध माणूस. आकडा म्हटल्यावर मात्र त्यांनाही त्यात दम वाटला. रविवारी सकाळी संकलन झालं की डेअरीच्या कट्ट्यावर बैठक बसवायची, आणि रशीदचं दूध बंद करायचं ठरलं. गावात ही एकच डेअरी. दूध बंद म्हणजे म्हशी विकायच्या आणि रशीदनं परत इचलकरंजीच्या मागावर रात्रपाळीला उभं राहायचं. शिवाय भेसळ करणारा म्हणून नाव गावभर व्हायचं ते वेगळंच.

शनिवारी तेजस्वी कॉलेजातनं आली ती घुश्श्यातच. "आण्णा, मी मॅडमना विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, बारा पावलं असतंय व्हय कुठं? ही म्हशींची दुधं हायत का कारखान्यात शिवलेली पोती? माझंच चुकलं. मी रशीदकाकांकडंच बगत बसले, बाकीच्यांकडं बगितलंच न्हाय. काका लांब न्हाईत, बाकीची सगळी लई जवळ जवळ हायत. पाऊलच मुंगीचं निघालंय, मग हातभर अंतर बी कोसभर वाटणारच की!"

"म्हंजे?" जोतीरामनं विचारलं.

"म्हंजे चिमणाआजीची म्हस आटत आलीय, पिराजीकाकांची गेल्या महिन्याआधी व्यालीय. आटतीचं दूध दाट, ताज्या व्यालेलीचं पातळ, मग दोघांचं फॅट सारखं कसं? महिनाभर सगळ्या गावाला सहा पॉइंट दोन? कुठंतरी पाणी मुरतंय. मला वाटतंय मशीन अडकतंय."

मशीन अडकतंय. जोतीरामनं तो शब्द धरला आणि सोडला नाही. "असंल, असंल. बगू नंतर. तू अभ्यास कर जा." त्यानं हात पुसले. हात कोरडेच होते. इतकी वर्षं जे उघड्या डोळ्यांनी करत आलो, त्याच्याकडं आज पहिल्यांदा बघतोय असं त्याला झालं, आणि ते दिसलेलं त्याला अजिबात आवडलं नाही. तरी मनाला तो सांगत राहिला, रशीदचं काहीतरी आहेच. असलंच पाहिजे. नाहीतर मग आपलं काय?

रविवारी कट्टा भरला. कुणी किटली पायाशी ठेवूनच उभे, कारण बैठक बघायची म्हणून संकलन पुरतं झालंच नव्हतं. रशीद एका कडेला, हाताची घडी घालून. गणपतराव खाकरले. "रशीद, तुज्यावर आमचा काय राग न्हाय. पण हितं शास्त्रानं निघालंय. पोरी, सांग सगळ्यांस्नी."

तेजस्वी उठली. कागद तिच्या हातात होता, पण तिनं तो बघितलाच नाही. "आकडा माझाच हाय. पण मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. संशय काकांच्या दुधावर न्हवं, मशीनवर घ्यायला पायजे. आधी मशीन तपासा, मग काय ती बैठक करा."

"मशीन बरं हाय!" जोतीराम ओरडला. का ओरडलो, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"बरं हाय तर लाव की मग," चिमणाबाई म्हणाली. सत्तरीची बाई, आवाज तालमीतल्या वस्तादाचा. तिनं आपली किटली पुढं सरकवली. "माझंच लाव. बगूया सगळ्यांदेखत."

नमुना घेतला, नळी बुडवली. मिनिटभर मशीन घरघरलं. आकडा उमटला. आठ पॉइंट एक.

"आठ?" चिमणाबाई म्हणाली. "काल तर सहा पॉइंट दोन व्हतं की रं! रातीत माझी म्हस बदलली व्हय?"

पिराजीनं किटली पुढं केली. सहा पॉइंट पाच. त्याच्या मागच्याचं सात पॉइंट तीन. तिसऱ्याचं पाच पॉइंट नऊ. शेवटी रशीदचं लावलं. सात पॉइंट चार. काल होतं तेच, रोज असतं तेच. सगळ्या गावाची पावलं एकदम माणसांएवढी झाली, आणि रशीद त्यांच्या मधोमध उभा होता.

मशीन कुठंच अडकलं नव्हतं. तेजस्वीच्या हातातला कागद खाली आला. तिनं बापाकडं बघितलं. भर कट्ट्यावर त्याचा चेहरा उतरला. त्याला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

बोलला तो रशीद. आवाज न चढवता. "सेक्रेटरी, पाच वर्षं बगतोय मी. नळी फकस्त माज्याच दुधाला लागती. तुमचा माज्यावर इस्वास न्हवता, म्हणून माजं दूध खरं मोजलंसा, आन मला बरोबर पैसं मिळालं. हेंच्यावर इस्वास व्हता, म्हणून हेंचं बुडालं."

"मग पाच वर्षं गप का बसलास रं?" पिराजी त्याच्याच अंगावर आला.

"बोललो असतो तर कुणी ऐकलं असतं?" रशीद म्हणाला. पिराजीनं मान खाली घातली.

मग मात्र जो कल्ला उठला तो विचारू नका. कोण म्हणे बारा वर्षांचा हिशोब काढा, कोण म्हणे जोतीरामला हाकला. चिमणाबाईनं तर त्याच्या सात पिढ्यांना आंघोळ घातली. गणपतरावांनी कसंबसं आवरलं. बोनसमधनं निम्मं तरी परत आलंय, बाकीचं बसून बघू, पण खुर्ची आजपासनं सोडायची, असं ठरलं. नवा माणूस मिळेपर्यंत मशीनवर कोण? सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. कुणाचंही नाव घेतलं, की दुसरा नाक मुरडायचा. शेवटी चिमणाबाईच म्हणाली, "पोरीला बसवा. बापाच्या तोंडावर खरं बोलली ती."

संध्याकाळी जोतीराम घरची किटली घेऊन डेअरीवर आला. बारा वर्षं त्याचं दूध सगळ्यात आधी, रांगेशिवाय आत जायचं. आज तो रांगेत उभा राहिला. मागं रशीद होता. रांग मुंगीसारखी सरकत होती, कारण प्रत्येकाच्या दुधाला नळी लागत होती, आणि आज कुणीही "आटपा की" म्हणत नव्हतं.

त्याची पाळी आली. तेजस्वीनं वर न बघता नमुना घेतला. मशीन घरघरलं. सात पॉइंट सहा.

"सात पॉइंट सहा?" मागनं कुणीतरी म्हणालं. "सेक्रेटरीच्याच म्हशीचं बरं एवढं?"

"परत लाव गं!" चिमणाबाई गरजली. "त्येचं दोनदा लावायचं!"

तेजस्वीचा हात थांबला. तिनं बापाकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तिनं बाटली उचलली, दुसरा नमुना घेतला आणि नळी बुडवली.

मिनिटभरच लागतं मशीनला. पण रिकामे हात लोंबत ठेवून, सगळ्या रांगेची नजर पाठीवर घेऊन उभं राहिलं, की ते मिनिट सरता सरत नाही. जोतीरामला संताप आला, मग लाज वाटली, आणि मग तो आपसूक मागं वळला. पाच वर्षं, सकाळ-संध्याकाळ, हा माणूस इथंच असा उभा होता.

त्याला रशीदला काहीतरी म्हणायचं होतं.

रशीदनं आपली किटली ह्या हातातनं त्या हातात घेतली. "हुतीय सवय, सेक्रेटरी," तो म्हणाला. "जरा दिवस जायला लागत्यात."