पायांनी ऐकलेला आवाज

मित्रांनो, बारवी धरणाकडून बदलापूरला येणाऱ्या रस्त्यावर तुम्ही कधी आलात, तर चढावर सावकाश चालणारी हिरव्या रंगाची एक जुनी जीप तुम्हाला दिसेल. ती मीच. माझ्या मागच्या बाकांवर समोरासमोर बसून तुमच्यासारखी कितीतरी मुले शाळेत गेली आहेत. आज मी तुम्हाला माझी हकिकत सांगणार आहे. ती फारशी आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझे पहिले मालक अनंता. त्यांची धरणाच्या बाजूला भातशेती होती आणि उरलेल्या वेळात ते माझ्यातून गावच्या लोकांची ने-आण करीत. रोज सकाळी ते माझे बॉनेट उघडत. तेल मोजायची पट्टी फडक्याने पुसून पुन्हा आत घालत आणि तेल खुणेपर्यंत आहे ना, ते पाहत. मग इंजीन सुरू करून, समोरचा छोटा लाल दिवा विझेपर्यंत थांबत. हा दिवा नीट समजून घ्या. चावी फिरवली की तो लागतो आणि तेलाचा दाब तयार झाला की विझतो. चालत्या गाडीत तो पुन्हा लागला, तर इंजिनाच्या फिरत्या भागांपर्यंत तेल पोहोचत नाही, असे समजावे.

अनंतांची आई मोतीबाई यांना फारच कमी ऐकू येई. दसऱ्याला त्या मला हळदकुंकू लावत, आणि घरची लक्ष्मी म्हणून माझ्यात चढताना नेहमी चपला काढून हातात घेत. लोक हसत. मोतीबाईंनी ती रीत कधी सोडली नाही.

पुढे अनंतांना जांभूळ गावच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात नोकरी लागली आणि मी त्यांच्या मुलाच्या, हितेशच्या हाती आले. हितेश मनाने वाईट नव्हता. मला तो दर रविवारी घासूनपुसून चकाचक करी. पण तेव्हा आमच्या रस्त्यावर ज्या जीपमध्ये गाणी मोठ्याने वाजत, तिच्यातच माणसे आधी बसत. हळदीच्या कार्यक्रमालाही तशाच गाडीला मागणी असे. म्हणून त्याने उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून मोठा टेप आणि मागच्या बाकाखाली बसणारे दोन स्पीकर आणले. समोर निळ्या-लाल दिव्यांची लुकलुकणारी माळ लावली. गावभर माझे कौतुक झाले.

त्याच सुमारास माझ्या तेलाच्या टाकीखालच्या बुचाची चकती, म्हणजे वॉशर, झिजला. रात्रभर थेंब थेंब तेल गळे. सकाळी अंगणात काळा डाग दिसला की हितेश पायाने त्यावर माती लोटी. पट्टी काढून पाहणे त्याने केव्हाच सोडले होते. काही आठवड्यांनी माझा लाल दिवा लागू लागला, पण त्या लुकलुकत्या माळेत तो कुणाला दिसणार? मग माझ्या आतून ठोका येऊ लागला. चढावर, सगळी बाके भरलेली असताना तो वाढे. मला दुसरी भाषा येत नाही, मित्रांनो. मी जीव तोडून ठोकत होते आणि माझ्यावर हळदीची गाणी वाजत होती.

या वर्षीचा, म्हणजे दोन हजार सहा सालचा, मार्च महिना होता. हितेशची धाकटी बहीण जिज्ञासा दहावीला होती. तिला गणितात चांगले गुण मिळवून डिप्लोमाला जायचे होते, यंत्रे शिकायची होती. गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी बाजारातून परतताना मोतीबाई अनवाणी पायांनी पुढच्या बाकावर बसल्या होत्या. एकाएकी त्यांनी हितेशचा दंड धरला.

"अरं, गारी थांबव. माझ्या पायाखाली कोन ठोकतंय?"

"आजे, तुला शेजारचा माणूस वरडला तरी ऐकू येत नाय. तुला गाडीचा आवाज आला?" हितेश ओरडून म्हणाला. मागची माणसे हसली.

"कानांनी नाय रं मेल्या, पायांनी सांगतंय. तू काढ चपला नि बघ."

"डिझेलची गाडी हाय, आवाज करनारच!" असे म्हणून त्याने टेप आणखी मोठा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोतीबाई माझ्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. "पोरीला हिच्यात नेऊ नको. दूधवाल्याच्या टेम्पोत बसव."

"आजे, सरक गं! पेपर हाय तिचा, टायमपास नको करू."

जिज्ञासाने घड्याळाकडे पाहिले आणि आजीचा हात हळूच बाजूला केला. ती आणि तिच्या मैत्रिणी माझ्यात चढल्या; ती पुढे भावाशेजारी बसली. ओळीने बसून त्या सूत्रे पाठ करीत होत्या. चढ सुरू झाला तशी जिज्ञासा गप्प झाली. तिने सँडल काढून दोन्ही पाय फरशीवर टेकले, मग पुढे वाकून टेप बंद केला.

त्या शांततेत माझा ठोका सगळ्यांना ऐकू आला.

"दादा, थांब. आजी खरं बोलत होती."

"एवढा चढ जाऊ दे, मग बघतो. पेपर सुटंल तुझा," हितेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता, पण पाय अॅक्सिलरेटरवरून निघाला नाही.

चढ संपण्याआधीच माझ्या पोटात मोठा आवाज झाला आणि मी जागीच जाम झाले. मुली उतरून उन्हात धावत सुटल्या. मोतीबाईंनी सांगितलेला दूधवाल्याचा टेम्पो केव्हाच पुढे निघून गेला होता. शेवटी भाजीच्या एका टेम्पोने त्यांना उचलले. पेपर सुरू होऊन बराच वेळ झाला होता; परीक्षा केंद्राचे दार बंद होण्याच्या बेतात असताना जिज्ञासा आत पोहोचली. तिची शेवटची गणिते राहून गेली. तिला ती सगळी येत होती.

मला दोरीने बांधून कॅम्प दोनमधल्या महेंद्र मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नेले. त्यांनी तेलाची टाकी खोलली. तळाशी उरलेले चमचाभर तेल दोन बोटांत चोळले, तर त्यात धातूचा चुरा चकाकत होता.

"बेअरिंग गेलंय, भाऊ. इंजिनातला फिरता दांडा, क्रँकशाफ्ट पण घासलाय. हे एका दिवसात नाही होत. लाल दिवा लागत नव्हता का?"

"एवढ्या लायटीत कोन बघतो यार."

"नवरीसारखी सजवलीस, आणि तिला काय होतंय ते विचारलं नाहीस."

महेंद्रांनी क्रँकशाफ्ट यंत्रावर घासून गुळगुळीत करून घेतला, नवी बेअरिंग आणि वॉशर बसवले, ताजे तेल भरले आणि काही दिवस मला हळू चालवायला सांगितले. गॅरेजमधून निघण्याआधी हितेशने टेप, स्पीकर आणि दिव्यांची माळ स्वतःच्या हाताने उतरवली.

जूनमध्ये निकाल लागला. जिज्ञासा पास झाली, पण डिप्लोमाला जागा मिळेल इतके गुण गणितात आले नाहीत. आता ती अकरावीला माझ्यातूनच बदलापूरला जाते. पूर्वी ती भावाशेजारी पुढे बसे. आता मागच्या बाकावर बसते आणि बाहेर पाहते. हितेश रोज पट्टी काढून तेल पाहतो. चपला काढून माझ्यात चढतो. मोतीबाई बरोबर असल्या, तर त्यांचे पाय टेकेपर्यंत गिअर टाकत नाही.

"आजे, गाडी काय म्हनते?"

"आज गप हाय. चल."

मुलांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर तिचा लाल दिवा, जमिनीवरचा काळा डाग आणि बदललेला आवाज यांच्याकडे लक्ष द्या. आणि घरातले कुणी काही जाणवल्याचे सांगत असेल, तर हसण्याआधी टेप बंद करा. मला नवी बेअरिंग मिळाली. जिज्ञासाला तो गेलेला वेळ कोणत्याच गॅरेजमध्ये मिळाला नाही.