तीनदा विठ्ठल

“रुपराव, काढा ना गा हात बाहेर! त्या पोट्ट्यानं कान फाडून टाकले आमचे!”

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं आणि सगळी बस हसली. चाळीस माणसं, चाळीस डबे, आणि बसच्या शेपटाला चिकटलेली एक निळी मॅटॅडोर. नागपूरहून हिंगण्याला जाणाऱ्या रस्त्यावर सकाळी आठच्या सुमाराला हा तमाशा रोजचाच होता.

रुपरावांनी उजव्या आरशात पाहिलं. मॅटॅडोर इतकी जवळ होती की तिचं नाक तेवढं बसच्या आडून डोकावत होतं आणि काचेमागे वसंताचा चेहरा दिसत होता. चोवीस-पंचवीस वर्षांचा पोरगा. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा हॉर्नवर खिळ्यानं ठोकल्यासारखा.

“दूध आहे त्याच्या गाडीत,” भैयाजी म्हणाले. भैयाजी कारखान्यातल्या युनियनचे पुढारी, बसमधला पहिला बाक त्यांचा. “पाच कँटीनले वाटते. साडेआठच्या आत नाही पोचला तर मालक आईमाईवरून शिव्या घालते त्याले.”

“मंग घरून लवकर निघावं,” रुपराव म्हणाले. “माझं शेपूट धरून काय होते? मी का बैल आहो?”

पुन्हा हशा पिकला.

बैल ते नव्हते, पण चालवत मात्र बैलाच्या चालीनं. सोळा वर्षं झाली होती. सक्करदऱ्याहून माणसं भरायची, कारखान्याच्या फाटकात उतरवायची, संध्याकाळी परत आणायची. सोळा वर्षांत बसला ओरखडा नाही, रस्त्यावरचं कुत्रं चाकाखाली आलं नाही. घरोघरीच्या बायका नवऱ्याला डबा देताना घड्याळ बघत, पण रुपरावांची बस म्हटल्यावर काळजी करत नसत.

ब्याऐंशी सालची ही गोष्ट. तो रस्ता तेव्हा अरुंद होता. समोरासमोर दोन मोठ्या गाड्या आल्या की दोघींचं एकेक चाक मुरमात उतरायचं. बसच्या मागे अडकलेल्याला पुढचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. म्हणून मग पुढच्या ड्रायव्हरनं खिडकीतून उजवा हात काढायचा आणि पुढं हलवायचा, की ये बाबा, रस्ता मोकळा आहे. कायद्याच्या पुस्तकात हे कसं लिहिलंय ते वकील जाणोत, रस्त्याच्या धर्मात ते पक्कं होतं. मागच्यानं पुढच्याच्या डोळ्यांनी बघायचं, आणि पुढच्यानं त्याला दगा द्यायचा नाही.

रुपरावांचा हात सहजासहजी निघत नसे. रस्ता मोकळा दिसला तरी ते मनात तीनदा ‘विठ्ठल’ म्हणत. त्यात भक्ती होती तसा हिशेबही होता. वाटेत नाल्यावरच्या एका रपट्यापाशी, म्हणजे बुटक्या फरशीपुलापाशी, रस्ता खोल उतरत असे. त्या उतारात गेलेला ट्रक सबंध नाहीसा व्हायचा, आणि तिसऱ्या विठ्ठलापर्यंत टपासकट वर यायचा. तीनदा नाव घेऊनही काही वर आलं नाही, तरच हात. म्हणून त्या रस्त्यावरचे ड्रायव्हर म्हणत, ‘म्हातारा सतावते लय, पण त्याचा हात निघाला की डोळे झाकून जावं.’

हे नावाचं वळण त्यांना कीर्तनातून लागलेलं. हुडकेश्वरला घराजवळच्या मारुतीच्या देवळात एकादशीला कीर्तन असे, आणि बुवांच्या मागे झांजा घेऊन उभं राहायचा मान रुपरावांचा. एकदा बुवा रंगात येऊन म्हणाले होते, “देवानं माणसाच्या पाठीला डोळे का दिले नाहीत, ठाऊक आहे? तो म्हणाला, बाळा, तू पुढचं बघ. मागचं मी बघतो!” देऊळ डोललं होतं. रुपरावांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घरी येऊन बायकोला म्हणाले, “कौशल्ये, देवानं मले मात्र आरसा देला वं. म्हंजे मागचं बी माझ्याच गळ्यात.” कौशल्याबाई हसल्या होत्या, आणि ही गोष्ट पुढे दहा जणींना सांगितली होती.

पण त्या सकाळी काय झालं ते झालं.

हॉर्न तीन मैल वाजत होता. रपट्याच्या अलीकडे एक शेळी आडवी आली म्हणून रुपरावांनी ब्रेक दाबला आणि मागून ठक्कन आवाज झाला. मॅटॅडोर बसला टेकली होती. फार नाही. थाळीला वाटी लागावी तशी. पण सोळा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी रुपरावांच्या गाडीला शिवलं होतं.

“घ्या!” भैयाजी म्हणाले. “आता पोट्टा आतच येऊन बसते, माझ्या मांडीवर. रुपराव, तुमचा विठ्ठल झोपला काय गा? काढा ना हात!”

बस खदाखदा हसली. रुपरावांच्या कानशिलात रक्त चढलं. समोर रस्ता रिकामा होता, रपट्यापर्यंत सरळ, रिकामा.

“जाय बाप्पा,” ते दातओठ खाऊन म्हणाले, “जाय, मर तिकडे!”

आणि हात बाहेर गेला. विठ्ठलाच्या आधी गेला.

वसंतानं गाडी उजवीकडे घेतली. बसच्या बरोबरीनं आला तेव्हा तो हसत होता. सलाम करावा तसा त्यानं हातही उचलला. आणि रपट्यातून ट्रकचा टप वर आला.

त्यानंतरचं रुपरावांना नीट आठवत नसे. आठवायचा तो ब्रेक, माणसांच्या किंकाळ्या, आणि दूध. पाच कँटीनचं दूध काळ्या डांबरावरून पांढऱ्या ओहोळानं रपट्याकडे निघालं होतं. त्यात कुठं कुठं लाल मिसळत होतं.

पोलीस आले. बसला काहीच झालं नव्हतं, म्हणून हवालदारानं रुपरावांना शेवटी विचारलं. “समोर तुमची बस होती. हात देला होता काय याले?”

रुपरावांनी तोंड उघडलं. पण ते काही बोलायच्या आधीच भैयाजी पुढं झाले. “नाही साहेब. आमचा ड्रायव्हर सोळा वर्षांचा जुना माणूस आहे. पोट्टा सोताच घुसला. विचारा कोणालेही.”

“मी यांना विचारून राहिलो,” हवालदार म्हणाला. “देला होता काय?”

चाळीस माणसं बघत होती. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच विनवणी होती, आणि ती प्रेमाची होती. रुपरावांची मान हलली. नाही म्हणून. एक शब्द लागला नाही त्याला.

संध्याकाळी भैयाजींनी कागद तयार केला. ड्रायव्हरनं हात दिला नव्हता, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. खाली चाळीस सह्या, त्यातले अकरा अंगठे.

“आता घोर नका करू,” भैयाजी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. “तुम्ही आमचे माणूस आहा. गेलेला काही वापस येत नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि ते तुम्ही जे म्हटलं ना त्या टायमाले, ते फक्त मी ऐकलं. माझ्यापाशीच राहीन ते.”

पुढच्या एकादशीला रुपराव देवळात गेले. झांजा हातात घेतल्या. बुवांनी नामाचा गजर सुरू केला, ‘विठ्ठल, विठ्ठल, विठ्ठल.’ सगळं देऊळ टाळ्या पिटू लागलं. रुपरावांनी झांजा हळूच पायाशी ठेवल्या आणि चपला घालून घरी आले.

“काहून जी, एवढ्या लवकर?” कौशल्याबाईंनी विचारलं.

“डोकं दुखून राहिलं.”

“पाहू द्या बरं हात, ताप तर नाही?” म्हणत त्यांनी रुपरावांचा उजवा हात धरला. रुपरावांनी तो ओढून घेतला. तीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं.

रविवारी ते वसंताच्या घरी गेले. सांगायचं, असं ठरवूनच गेले. मेडिकल कॉलेजच्या मागच्या वस्तीत एक खोली. दारात त्याची बायको तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. प्रेमिला तिचं नाव. वीस-बावीसची असेल. कपाळ मोकळं.

“कोण पाह्यजे?”

“मी रुपराव, बाई. कंपनीची बस चालवतो. हिंगण्याच्या रस्त्यावर.”

शेंगा सोलणारे हात थांबले. तिचा चेहरा एकदम उजळला. असा उजळावा याची रुपरावांनी तयारी केली नव्हती.

“म्हंजे ते हातवाले काकाजी काय? या ना, आत या! हे रोज सांगत तुमचं. म्हणत, एक म्हातारा आहे, लय सतावते, साइडच देत नाही. मी रोज शिव्या घालतो त्याले.” ती पदराआड थोडं हसली. “पण म्हणत, प्रेमिला, त्याचा हात निघाला ना, की मंग मी समोर पाह्यतच नाही. आपल्या बापानं सांगतल्यासारखी गाडी काढतो.”

रुपराव उंबऱ्यातच बसले. तिनं पाण्याचा गडवा पुढं ठेवला.

“मालक म्हणते, तुझ्या नवऱ्याचीच चूक,” ती सांगू लागली. “चाळीस माणसानं लिहून देलं म्हणे. मी त्याईले म्हटलं, मले पॅकिंगमधी कामावर घ्या. तर म्हणे, ज्यानं माझी गाडी फोडली त्याच्या बायकोले काहून घेऊ? सासू बी तेच म्हणते आता. म्हणते, पोरगा माझा उतावळाच होता.” तिनं एक शेंग उचलली, तशीच खाली ठेवली. “कोण्या कंपनीची बस होती म्हणे समोर. कंपन्यांच्या बसा तर वीस आहेत. काकाजी, त्या दिवशी समोर तुम्ही राहिले असते ना, तर हे वाचले असते.”

रुपरावांचे ओठ हलले. “बाई,” ते म्हणाले.

“काय जी?”

बाहेर एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. रुपरावांनी गडवा उचलला, खाली ठेवला.

“येतो,” ते म्हणाले.

तिनं लगबगीनं उठून, पदर डोक्यावर घेऊन, वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मोठ्या माणसाला लावतात तसा. रुपरावांनी पाय मागं घेतले, पण ते एक क्षण उशिरा.

रात्रभर त्यांनी डोळा मिटला नाही, आणि सकाळी मुलीच्या जुन्या वहीचं पान फाडून त्यावर सगळं लिहून काढलं. हात मी दिला. रस्ता नीट न बघता दिला. वसंताची चूक नाही. कारखान्यात मधुकरराव म्हणून साहेब होते, कामगारांच्या तक्रारी-चौकशा त्यांच्याकडे. संध्याकाळी पाळी सुटायच्या आधी रुपरावांनी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि हात बांधून उभे राहिले.

मधुकररावांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो.

“बसा, रुपराव.”

“उभा आहो तो बरा आहे, साहेब.”

“हे तुम्ही त्याच दिवशी सांगितलं असतं तर मी तुमच्या पाया पडलो असतो. आज सांगता आहात. मधे एक कागद गेलाय पोलिसांत, चाळीस सह्यांचा. हा तुमचा कागद खरा धरला, तर ते चाळीस जण खोटी साक्ष दिलेले ठरतात. त्यांचं काय करायचं? भैयाजींना आधी धरतील. मग बाकीचे.”

“त्याईनं माझ्यासाठी केलं साहेब. त्याईचा काय दोष?”

“तेच म्हणतो मी. तुमच्यावर माया केली त्यांनी. आता त्या मायेपायी त्यांना कोर्टात उभं करता?” मधुकररावांनी कागदाची घडी घातली, आणि ती रुपरावांपुढं सरकवली. “तुम्ही ठरवा. म्हणाल तर आत्ता पोलिसांकडे पाठवतो.”

फाटकात पाळी सुटत होती. खिडकीतून बस दिसत होती आणि तिच्यात चढणारी माणसं. भैयाजी एका लंगड्या कामगाराचा डबा धरून त्याला पायरीवर चढवत होते.

रुपरावांनी घडी उचलली, खिशात ठेवली, आणि बस चालवायला खाली गेले.

एक चूक झाली होती रागानं, दुसरी भीतीनं. आणि ही तिसरी? तिला काय म्हणावं हे त्यांना कोणा बुवांनी सांगितलं नव्हतं, आणि विचारायला ते पुन्हा देवळात गेले नाहीत.

मे महिना लागला. नागपूरचा मे. डांबर पाघळून टायरला चिकटू लागलं. बसच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या, फक्त रुपरावांच्या बाजूची काच वर होती. जानेवारीतल्या त्या सकाळपासून ती खाली आली नव्हती. सदरा पाठीला चिकटायचा, घाम भुवयांवरून गळायचा.

“काच खाली घ्या ना गा,” भैयाजी म्हणाले. “भाजून निघान.”

“राहू द्या.”

मागे हॉर्न सुरू झाला. दुसरी मॅटॅडोर, दुसरा पोरगा, तेच दूध. तो उजवीकडे नाक काढायचा, पुन्हा मागं घ्यायचा, आणि हॉर्न दाबून धरायचा. बसमध्ये आता कोणी ओरडत नव्हतं. कोणी हसत नव्हतं. सगळे आपापल्या डब्यांकडे बघत बसले होते.

रपटा जवळ आला. समोरचा रस्ता रिकामा होता. रुपरावांचे ओठ हलले. एकदा. दोनदा. तीनदा. उतारातून काहीच वर आलं नाही. ट्रक नाही, बैलगाडी नाही, सायकलसुद्धा नाही. नजर जाईल तिथवर रस्ता धुतल्यासारखा मोकळा होता.

मागचा पोरगा हॉर्न वाजवत राहिला. रुपरावांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.