गार्डाच्या डब्याला तीट

अण्णासाहेबांना जुन्या रेल्वेचं वेड आहे, असं पिरंगुटापासून पौडापर्यंत सगळे म्हणायचे. वेड कसलं डोंबलाचं! उरवड्याच्या वरच्या अंगाला त्यांनी माळ घेऊन ठेवला होता. त्यावर रिसॉर्ट काढायचं, तर आजूबाजूच्यांपेक्षा काही वेगळं दाखवायला हवं. म्हणून कुठकुठल्या बंद पडलेल्या छोट्या रुळांच्या गाड्या त्यांनी लिलावात उचलल्या. एक इंजिन, प्रवाशांचे आणि मालाचे काही डबे आणि शेपटीला एक गार्डाचा डबा. इंजिनाच्या पोटात ट्रॅक्टरचं यंत्र बसवलं, माळाभोवती रूळ टाकले, वर पाटी लावली 'वारसा रेल्वे'. वारसा कुणाचा, ते कुणी विचारलं नाही.

त्यातला गार्डाचा डबा विश्रामचा होता. विकत घेतलेला नव्हे, पण वऱ्हाडातल्या एका छोट्या लाइनीवर त्याने उभी नोकरी त्याच डब्यात काढली होती. थंडीत शेगडी तिथेच पेटवली, मुलगा झाल्याचा निरोप तिथेच पायरीवर ऐकला. म्हातारपणी तो मुलाकडे, पियूषकडे, नेऱ्याला राहायला आला. पियूष हिंजवडीत कंपनीत. घर दिवसभर कुलूपबंद असल्यासारखं. एका रविवारी सगळे सहलीला उरवड्याला गेले आणि समोर हा डबा उभा! आतल्या फळीवर लग्नाच्या वर्षी खिळ्याने कोरलेलं बायकोचं नाव तसंच होतं, अनसूया. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं. म्हातारा तिथेच फळीला डोकं टेकून रडला आणि दुसऱ्या दिवशी अण्णासाहेबांकडे नोकरी मागायला गेला.

अण्णासाहेबांनी त्याला पांढरा गणवेश, शिट्टी, हिरवं निशाण आणि राहायला माळावरच एक खोली दिली. विश्रामने शिट्टी मारून निशाण दाखवल्याशिवाय गाडी हलायची नाही. पोरं टाळ्या वाजवायची.

डबे झाडायला-पुसायला रंभाबाई होती. माळ एके काळी तिच्या सासऱ्याचा होता. आता त्याच माळावर ती झाडू मारत होती. प्रवाशांच्या एका डब्यात बसून ती दुपारची भाकरी खायची, बाकावर घटकाभर आडवी व्हायची. त्या डब्याला ती 'माजं म्हायेर' म्हणायची आणि विश्रामला गार्डदादा. भाकरीतला तुकडा त्याला दिल्याशिवाय तिने कधी घास घेतला नाही.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात लोखंडाचा भाव चढला आणि अण्णासाहेबांचं वेड एका दिवसात उतरलं. त्यांनी विश्रामला बोलावलं.

"विश्रामराव, लोकांना आता पोहायचा तलाव पाहिजे. इंजिन आणि एक डबा शोभेला ठेवू, बाकीचं मोडीत. कुठला ठेवायचा ते तुम्हीच सांगा."

"गार्डाचा ठेवा," विश्राम म्हणाला. विचार करण्याचं नाटकसुद्धा त्याने केलं नाही.

"मग बाकीच्यांना डांबराचा काळा ठिपका द्या. सलीमची माणसं ठिपका बघून कापतील. आणि त्या रंभाबाईला आत्ताच काही बोलू नका. तिचं काम जाणार, उगाच गावभर बोंब मारील."

विश्राम डांबराचा डबा आणि कुंचला घेऊन निघाला. प्रत्येक डब्याच्या दारापाशी एकेक ठिपका देत तो रंभाबाईच्या माहेरापर्यंत आला. ती आतच होती.

"गार्डदादा, काय लावताय वो ह्ये?"

खरं सांगायची हीच वेळ होती. त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"तीट लावून राह्यलो, बाई. दृष्ट नको लागायला."

रंभाबाई हरखली. "लई बेस केलंत! रयवारी किती मानसं येत्यात, कुनाची नजर कशी आसंल सांगता येतंय व्हय?" ती पदर खोचून खाली उतरली आणि ठिपका नीट बसावा म्हणून दाराजवळची धूळ फडक्याने पुसून दिली. त्या पुसलेल्या जागी विश्रामने ठिपका दिला. लाज वाटली त्याला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आपला डबा वाचतोय, ह्या एका सुखापुढे ती लाज त्याने गिळली.

शनिवारी तो नातीच्या, किमयाच्या, वाढदिवसाला नेऱ्याला गेला. सोमवारी परत आला तेव्हा रुळांवर एकटं इंजिन उभं होतं. ट्रकमध्ये कापलेल्या लोखंडाचा ढीग होता, आणि ढिगात वरच गार्डाच्या डब्याचं ब्रेकचं चाक. त्याच्या फळ्या जाळून मजुरांनी स्वयंपाक केला होता. चुलीत राख होती.

भंगारवाला सलीम पौडचा, सरळ माणूस. विश्रामचा चेहरा बघून तो गडबडला.

"काका, ठिपका होता की त्याच्यावर! सगळ्यांवरच दिसला म्हणून मालकांना फोनही केला. ते म्हणाले, विश्रामरावांनी लावलाय ना, मग काप."

विश्राम मागे वळला. रंभाबाई फलाटाच्या कडेला झाडू मांडीवर घेऊन बसली होती.

"तुमी समद्या डब्यांस्नी तीट लावली अन् सोताचाच इसरलात," ती म्हणाली. "म्हनलं, आपल्या मानसाची वस्तू हाय, आपुनच लावू. डांबराचं डबडं हितंच व्हतं, बोटानं लावली." मग ती थांबली. "ती तीट न्हवती, न्हाई का?"

विश्रामची नजर तिच्या डांबर लागलेल्या बोटावर गेली.

"तुमाला ठावं व्हतं."

तिच्यावर ओरडावं, शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटलं. पण ओरडणार कुठल्या तोंडाने? डांबर त्याचं, खोटं त्याचं; तिने तर फक्त माया केली होती.

तेवढ्यात ट्रक सुरू झाला. फाटकापाशी चढ होता आणि मागे घ्यायला जागा अरुंद. सलीम ओरडला, "काका, मागचं काही दिसत नाही, जरा शिट्टी मारा!"

शिट्टी गळ्यातच होती. जन्मभराची सवय, विश्रामने ती ओठाला लावली आणि फुंकली. ट्रक मागे सरला, वळला. नकळत त्याचा दुसरा हात काखेतल्या निशाणासह वर गेला.

"नीट दावा निशाण, गार्डदादा," मागून रंभाबाई म्हणाली. "माजं म्हायेर बी त्याच गाडीत हाय."