दह्यावरचा खळगा

मित्रांनो, माझं झाकण उघडलंत तरी हरकत नाही, पण आत बोट घालू नका. कडेची ती जागा कुणाची तरी आहे. कुणाची, तेच सांगायला आज बसले आहे.

मी एक जुनी दगडी आहे. दगडी म्हणजे दगड कोरून केलेलं, दही लावायचं पसरट भांडं. काशीत दूधविनायकाच्या एका अरुंद गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या कोनाड्यात माझं बिऱ्हाड आहे. शेजारपाजारचे लोक मला पथरी म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती फ्रिजमधल्या प्लास्टिकच्या डब्याबद्दल, पण त्याची पाळी नंतर येईल.

माझा दगड चुनारचा. पाथरवटानं टाकीनं ठोकून ठोकून माझं पोट कोरलं आणि घासायचा कंटाळा केला, त्यामुळे आत अजून बारीक रेघा आहेत. लहानपणी मला त्यांची लाज वाटायची. शेजारी ठेवलेल्या दगड्या कशा गुळगुळीत होत्या! पण पुढं कळलं की भांडं कितीही धुतलं तरी त्या रेघांमध्ये थोडं दही राहून जातं, आणि दह्याबरोबर आणखीही काही राहतं.

मला या घरात कालिंदीनं आणलं. ती तेव्हा नवी नवरी होती. तिचं माहेर मंगला गौरीजवळ, म्हणजे चालत दहा मिनिटांवर. तरी सासरी येताना ती असं काही रडत आली की जणू दुसऱ्या मुलखात चालली आहे. तिच्या हातात केळीच्या पानानं झाकलेली एक वाटी होती आणि वाटीत तिच्या आईच्या घरचं विरजण होतं. ते विरजण तिनं माझ्या पोटाला लावलं, वरून कोमट दूध ओतलं आणि त्या दिवसापासून मी कामाला लागले.

तिची पद्धत ठरलेली होती. दूध उकळायचं, निवू द्यायचं. मग करंगळी बुडवून मनात सावकाश दहापर्यंत मोजायचं. बोटाला चटका बसला तर अजून थांबायचं, बोट सुखावलं तर दूध तयार. दूध माझ्यात ओतल्यावरही खात्री म्हणून ती कडेला पुन्हा एकदा करंगळी टेकवायची. थंडीत मला गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी कुणी दह्याला हात लावायच्या आधी पहिला चमचा स्टीलच्या छोट्या वाटीत काढायची. ते उद्याचं विरजण. घरात पाहुणे असोत, उपास असो, कुणी कितीही भुकेलं असो, तो चमचा कुणाला मिळायचा नाही.

निम्म्या गल्लीचं दही माझ्यापासून लागलेलं होतं. पाडव्याच्या श्रीखंडाचा चक्का माझ्या दह्याचा, सत्यनारायणाच्या पंचामृतातलं दही माझं. दूध घालणारा काशीनाथसुद्धा विरजण आमच्याकडूनच न्यायचा. "दूध हमारा, दही आपका," म्हणायचा आणि हसायचा. मी फुगून बसायचे. मात्र विरजण न्यायचं ते सकाळी. दिवेलागण झाली की कालिंदी कुणालाही द्यायची नाही. सुनेनं, म्हणजे प्रभावतीनं, एकदा कारण विचारलं. कालिंदी म्हणाली, "त्या वेळी दारात कोण उभं आहे ते नीट दिसत नाही."

घरात कुणी गेलं की सुतकात दही लावत नाहीत. म्हणून या घराची एक रीत होती. माणूस गेलं की आधी विरजणाची वाटी समोरच्या आनंदीकडे पोचवायची. ती तेरा दिवस आपल्या घरी दही लावून विरजण जिवंत ठेवायची आणि चौदाव्या दिवशी परत द्यायची. कालिंदी गेली तेव्हा प्रभावतीनं तसंच केलं. चौदाव्या दिवशी संध्याकाळी तिनं माझ्यात पुन्हा दूध ओतलं. सकाळी झाकण उघडलं तर दही छान लागलेलं, आणि कडेला, कालिंदी बोट टेकवायची तिथंच, करंगळीच्या टोकाएवढा खळगा.

प्रभावती माझ्यावर वाकली. घरात अजून कुणी उठलं नव्हतं. मग ती अगदी हळू म्हणाली, "सासूबाई, दूध जरा जास्त तापलं होतं का?" दुसऱ्या दिवशीही खळगा होता आणि तिसऱ्या दिवशीही. प्रभावतीच्या नवऱ्यानं पालीवर संशय घेतला, मग मांजरावर, मग माझ्यावर. झाकणावर वरवंटासुद्धा ठेवून पाहिला. मित्रांनो, मला विचाराल तर मी एवढंच सांगेन की पाल मी ओळखते. पालीला दहापर्यंत मोजता येत नाही.

प्रभावती कधी घाबरली नाही. ती रोज समोरच्या बाजूचं दही काढायची आणि त्या बाजूला शेवटपर्यंत चमचा लावायची नाही. तीसएक वर्षं असं चाललं. तिची बोटं संधिवातानं वाकडी झाली. त्यामुळे झाकण नीट बसवता यायचं नाही, नेहमी उजवीकडे तिरकं राहायचं. त्या तिरक्या झाकणाचीही मला सवय झाली.

मग तिच्या मुलाचं, यज्ञेशचं लग्न झालं आणि अमरावतीहून मालविका आली. ती बँकेत नोकरी करते. पहिल्याच आठवड्यात तिनं माझं झाकण उघडलं आणि म्हणाली, "आई, यात कशानं तरी तोंड घातलंय." मला उचलून ती मोरीकडे निघाली. प्रभावतीनं तिचं मनगट धरलं. "तोंड नाही घातलेलं. त्या बाजूचं घेऊ नकोस, म्हणजे झालं." मालविकेला ते पटलं नाही, पण तिनं वाद घातला नाही. मात्र त्यानंतर फ्रिजमध्ये बाजारच्या दह्याचा तो डबा यायला लागला. त्यावर झाकण कसं, तर चिकटवलेलं. दह्याला श्वास कुठून घ्यायला मिळणार? आमच्या घरचंच काय सांगता, समोर आनंदीकडेही दोन वर्षांपूर्वी घरचं दही बंद झालं आणि बाजारचं सुरू झालं. मी मात्र रोज लागत होते, कारण प्रभावती होती.

गेल्या पौषात ती अंथरुणाला खिळली. तिला मरणाची भीती नव्हती. काशीत राहणाऱ्याला ती कमीच असते. तिला भीती वेगळीच होती. एका दुपारी तिनं मला कोनाड्यातून मागवून उशाशी ठेवून घेतलं आणि मालविकेचा हात धरला.

"माझं काही झालं तर आधी विरजण आनंदीकडे पोचव, मग रडायला बस."

"आई, असं का बोलता?"

"विरजण मोडलं तर सासूबाईंनी जायचं कुठं? आणि मी?"

मालविकेचा विश्वास बसला नव्हता, ते मला दिसत होतं. पण ती म्हणाली, "पोचवीन. शब्द देते."

आठ दिवसांनी, सकाळी चहा व्हायच्या आत, प्रभावती गेली. मालविका रडली, फोन केले, माणसं जमली, जिने भरून गेले. प्रभावतीला घेऊन गेले तेव्हा गल्लीतून 'राम नाम सत्य है' ऐकू आलं. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे जाणारी गल्ली ही, तो आवाज इथं दिवसभर येतो आणि कुणी मान वर करून पाहत नाही. मी कोनाड्यात होते, आदल्या संध्याकाळचं दही पोटात घेऊन. मालविका विसरली. मी वाट पाहत होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दिवेलागणीची वेळ होती. घरात चूल पेटली नव्हती, जेवण नातेवाइकांकडून येत होतं, त्यामुळे स्वयंपाकघरात कुणी फिरकत नव्हतं. दारातून कुणी आत आल्याचा आवाज झाला नाही, बांगडी वाजली नाही. माझं झाकण उचललं गेलं. कडेला एक बोट टेकलं आणि सावकाश दहा मोजण्याइतका वेळ थांबलं. ते बोट वाकडं होतं. मग चमचाभर दही निघालं आणि फळीवरची विरजणाची वाटी उचलल्याचा बारीक आवाज आला. झाकण परत बसलं, उजवीकडे तिरकं. मी दगड आहे, मला काटा येत नाही. तरी त्या थंडीत माझ्या अंगाला बाहेरून पाणी सुटलं होतं.

पुढच्या दिवसांत माझ्यातलं दही आंबलं, पाणी सुटलं, वर गुलाबी बुरशी आली. चौदाव्या दिवशी मालविकेनं घर धुवायला काढलं. तिनं मला सोडा घालून उकळत्या पाण्यानं घासलं. एकदा नाही, तीनदा. सत्तरएक वर्षांत पहिल्यांदा माझ्या रेघा रिकाम्या झाल्या. शेवटचं पाणी ओतताना तिचा हात मध्येच थांबला. तिनं फळीवर पाहिलं. विरजणाची वाटी नव्हती. तिनं सगळे डबे हलवले, मांडणीमागे पाहिलं आणि मग मला मांडीवर घेऊन मोरीशीच बसली.

"आईंनी एकच काम सांगितलं होतं मला," ती यज्ञेशला म्हणाली.

"अगं, दही आहे ते. गल्लीत चार दुकानं आहेत." तो बिचारा समजूत घालत होता. त्यानंतर ती त्याच्याशी त्या विषयावर बोलली नाही.

तिनं दुकानातलं दही आणून विरजण लावलं. मी काय करणार, लागले. दही घट्ट झालं, पांढरंशुभ्र झालं, आणि वर एकही खळगा नव्हता. काठापासून काठापर्यंत सपाट. मित्रांनो, तुम्हाला खळग्याची भीती वाटली असेल. मला त्या सपाट दह्याची वाटली. माझ्यात कुणीच नव्हतं. नऊ वर्षांच्या सईनं, मालविकेच्या मुलीनं, एक घास खाल्ला आणि वाटी सरकवली. "मम्मी, ये आजी वाला दही नहीं है."

चार दिवस मालविकेनं तसं काढलं. पाचव्या दिवशी दुपारी तिनं मला ओढणीखाली घेतलं आणि समोरच्या घराचे जिने चढली. आनंदीकडे विरजण असेल अशी तिला आशा नव्हती. तिला फक्त कुणाजवळ तरी कबूल करायचं होतं.

आनंदीला आता जवळजवळ दिसत नाही. रक्तदाब वाढेल म्हणून तिच्या सुनेनं तिला प्रभावती गेल्याचं कळवलंच नव्हतं. मालविका दारात दिसताच त्या सुनेनं मागून खूण केली, सांगू नका म्हणून.

"काकू, आमचं विरजण मोडलं," मालविका म्हणाली. "माझ्या हातून मोडलं."

"मोडेल कसं? माझ्याकडे आहे की." आनंदी हसली. "पंधरा-वीस दिवस झाले असतील. प्रभा स्वतः देऊन गेली. एकदम दिया-बत्तीच्या वेळेला. मी म्हटलं, काय गं, तूच म्हणायचीस शाम को विरजण देऊ नये, आणि आज स्वतःच? वाटी माझ्या हातात ठेवली. हात कसा, तर विरजायच्या दुधासारखा कोमट."

मालविकेनं मला घट्ट धरलं.

"काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, सून येईल न्यायला. विसरली म्हणून तिला रागावू नकोस."

आनंदीची सून हलक्या आवाजात म्हणाली, "अम्मा रोज हट्ट करून दही लावायला लावतात मला. वाटी कुठून आली ते मला खरंच माहीत नाही." तिनं आतून वाटी आणून दिली. छोटी स्टीलची वाटी, तळाला नाव कोरलेलं, प्रभावती. मालविकेनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ती तिथं रडली नाही. घरी येऊन जिन्यात रडली.

त्या संध्याकाळी तिनं दूध उकळलं, निवू दिलं आणि थर्मामीटर न शोधता करंगळी बुडवली. ओठ हलत होते, दहापर्यंत. ते विरजण माझ्या रेघांना लागलं तेव्हा मला काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. सकाळी सई तिच्या आधी उठली होती. तिनं झाकण उघडलं.

"मम्मी, दही में किसने उँगली डाली? दो जगह है."

मालविका आली. कडेला दोन खळगे होते. एक जुना, सरळ. त्याला अगदी खेटून दुसरा, जरासा वाकडा. तिनं सईचा हात हळूच बाजूला घेतला. "त्या बाजूचं घ्यायचं नाही, बेटा," ती म्हणाली, "ती जागा आपली नाही." आणि समोरच्या बाजूनं पहिला चमचा काढून नाव कोरलेल्या वाटीत ठेवला.

मित्रांनो, जुनी भांडी भंगारात घालू नका असं मी सांगणार नाही. भांडी फुटतात, मीही एक दिवस फुटेन. माझी विनंती एवढीच आहे. घरात काही आंबवत असाल, दही, इडलीचं पीठ, कांजी, काहीही, तर शेवटचा चमचा खाऊन टाकू नका. तो कुणाकडे तरी ठेवा. आपण विसरलो तर आपल्या वतीनं कुणाला तरी यावं लागतं, आणि त्यांना जिने चढायला फार त्रास होतो.

हल्ली मालविका दूध माझ्यात ओतल्यावरही कडेला करंगळी टेकवते. तिला कुणी शिकवलेलं नाही. रोज त्याच जागी टेकवते, दोन खळग्यांच्या शेजारी. ती तरुण आहे, तिला खूप आयुष्य आहे. मला घाई नाही. मी तिचं बोट पाठ करते आहे.