प्रस्थानाचं गाठोडं

सायकलवर ओझं कसं बांधावं, हे महादेवप्पाला कुणी शिकवायला नको होतं. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापायच्या, कॅरिअरच्या दोन्ही अंगांना सारखं वजन ठेवायचं, जड ते खाली. गिरणीतली पहिली पाळी सुटली की तो दारात सायकल उलटी घालून बसायचा. चौऱ्याहत्तर सालच्या शिवरात्रीला बारा दिवस उरले होते. सोलापूरहून सायकलनं श्रीशैलला जायचं, हा त्याचा आणि गिरणीतला दोस्त भीमाशंकर याचा कितीतरी वर्षांचा बेत.

खरं तर बेत केव्हाच बारगळला होता. भीमाशंकरच्या छातीत तीस वर्षांचा कापूस जाऊन बसला होता. पाडवा दिसला तरी पुष्कळ, असं डॉक्टरांनी महादेवप्पाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. नळापर्यंत जाताना दोनदा खाली बसणारा माणूस वाटेतलं रायचूर तरी कसला गाठतो? पण तो रोज विचारायचा, "पंप घेतलास की न्हाय?" आणि महादेवप्पा रोज सांगायचा, घेतला. यात खोटं काहीच नव्हतं. पंप त्यानं घेतलाच होता.

गेल्या सोमवारी भीमाशंकरनं प्रस्थान ठेवलं. निघणं लांबत असेल तर मुहूर्तावर आपलं गाठोडं दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. ते गाठोडं मग आपल्या उंबऱ्याच्या आत आणायचं नाही. आणलं तर जाणं मोडलं. या बाबतीत भीमाशंकर भारी कडक. भिंतीला धरून तो स्वतः आला, महादेवप्पाच्या कोनाड्यात गाठोडं ठेवलं आणि घाम पुसत म्हणाला, "आता निगालोच समज." महादेवप्पालाही वेड्यासारखं क्षणभर खरं वाटलं. त्या दिवसापासून तो दोन्ही सायकलींना तेल घालू लागला.

आज कडक भाकऱ्या फडक्यात बांधून झाल्या होत्या, शेंगाची चटणी डब्यात भरली होती. तेवढ्यात भीमाशंकरची बायको चंद्रव्वा आली.

"अण्णा, ह्यांनी गाठोडं मागितलंय."

"आनखी काय घालायचं ऱ्हायलं व्हय, वैनी?"

"घालायचं न्हाय. घरात आन म्हनले."

महादेवप्पाला राग आला, अगदी मनापासून. आपण दोन महिने न कंटाळता हे नाटक चालवलं आणि यानं मध्येच हात टेकले. तो गाठोडं घेऊन निघाला. चार घरांचं अंतर, पण पाय उचलत नव्हता. उंबऱ्यापाशी तो थांबलाच.

"आत घे की," भीमाशंकर खाटेवरून म्हणाला.

महादेवप्पानं उंबरा ओलांडला. भीमाशंकरनं गाठ सोडली. वर पंक्चरच्या सोल्युशनची नळी होती. ती त्यानं महादेवप्पाच्या हातात दिली.

"तुला लागंल. तू जा."

"एकटा जाऊन काय करू?" महादेवप्पा म्हणाला.

खाली विभूती होती आणि कोरं धोतर. भीमाशंकरनं त्याच्या घडीवरून हात फिरवला.

"तितं नेसायचं हुतं," तो बायकोला म्हणाला. "आता हितंच नेसवा."

चंद्रव्वानं धोतर घेतलं. पेटीतली लुगडी बाजूला सारून तिनं ते सगळ्यात वर ठेवलं, चटकन हाताशी लागेल असं, आणि झाकण लावलं.